खाऱ्या पाण्यातली बिऱ्हाडं : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. बहुतेकांचं दुखणं खाण्याभोवतीच फिरतंय. कुणाचा मासा खात नाही, कुणाचा खाऊन मेला, कुणाला गावी जायचंय तर खायला कोण घालणार. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मुलुंडला राहते. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि २००३ पासून घरात खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक आहे. पुढे जे लिहिते ते त्या टँकसमोर बसून शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, ११ दिवसांपूर्वी कॉपरबँड बटरफ्लाय आणला. केशरी पट्टे, लांब चोच, दिसायला फार देखणा. दुकानात 'खातो' म्हणाले होते. घरी आल्यापासून दाण्याकडे बघतसुद्धा नाही. फ्रोझन ब्राइन श्रिंप तोंडात घेतो आणि थुंकतो. पोट आत गेलंय. काय करू? (ठाणे)

हे पत्र मी सगळ्यात आधी घेतलं, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. आज संध्याकाळी टँकसमोर वाकून माशाकडे समोरून बघा. कपाळाच्या मागे, पाठीवरचा भाग भरलेला दिसतोय का? तो भाग सुरीच्या पात्यासारखा बारीक झाला असेल, तर मासा स्वतःचं मांस जाळून जगतोय.

या माशाची चोच खडकाच्या फटीतले किडे आणि शिंपल्यांतलं मांस ओढून काढायला घडलेली आहे. वरून तरंगत येणारा दाणा त्याच्या लेखी खाणंच नाही. म्हणून खाणं त्याच्या ओळखीच्या रूपात समोर ठेवा. बाजारात जाऊन तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, एक वाटा घ्या. तोंड मिटलेल्या, जिवंत तिसऱ्या बघून घ्या. धुवून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी दोन काढा, वितळू द्या, बोथट सुरीने उघडा आणि मांस एका शिंपीला चिकटलेलंच ठेवून आरओच्या पाण्यात खळबळून घ्या. ती अर्धी शिंपी दोन दगडांच्या बेचक्यात उभी अडकवा, मांस बाहेरच्या बाजूला. टँकचा दिवा मंद करा आणि खोलीतून बाहेर जा. उभं राहून बघत बसू नका, त्याला तुमची सावली नको असते.

माझ्याकडे २०११ साली हाच मासा होता. चार दिवस मी रोज शिंपी ठेवली आणि दोन तासांनी तशीच काढून टाकली. पाचव्या दिवशी दाराआडून बघत होते. तो शिंपीपाशी आला, अंग तिरकं केलं आणि एका डोळ्याने मांसाकडे बराच वेळ बघत राहिला. पाठीवरचा पर ताठ उभा झाला. मग चोच आत गेली, एक हिसका बसला आणि मांसाचा पांढरा धागा बाहेर आला. तो त्याने थुंकला, परत उचलला, परत थुंकला. तिसऱ्यांदा गिळला. त्यानंतर दहा मिनिटांत शिंपी चाटूनपुसून स्वच्छ! माझे डोळे भरून आले होते, हे मी कबूल करते.

एकदा तो शिंपीवर तुटून पडायला लागला, की त्याच रिकाम्या शिंपीत बारीक चिरलेली तिसरी आणि वितळवलेली मायसिस (गोठवून विकतात ती कोळंबीसारखी बारीक जीवजात) एकत्र दाबून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तिसरी कमी आणि मायसिस जास्त, असं करत जा. शेवटी मायसिस नुसती पाण्यात सोडली तरी तो घेईल. आयुष्यभर नुसत्या तिसऱ्यांवर ठेवू नका. काही शिंपल्यांच्या मांसात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि महिनोन् महिने तेच खाल्लं तर मासा आतून खंगतो. फ्रोझन ब्राइन श्रिंपवर विसंबू नका, तिच्यात पाणी फार आणि पोषण कमी. टँकमध्ये डॅमसेल माशासारखं भांडखोर कुणी असेल, तर भोकं पाडलेल्या पारदर्शक खोक्यात याला आठवडाभर वेगळा ठेवा. भेदरलेला मासा खात नाही.

आणि पुढच्या वेळी 'खातो' या शब्दावर मासा घेऊ नका. दुकानदाराला म्हणा, 'माझ्यासमोर घाला.' त्याने नाही म्हटलं तर हात हलवत परत या. फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या प्रवाळांवर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. तसे मासे वरून टवटवीत दिसतात, पण काहींचं खाणं पुन्हा सुरूच होत नाही. डोळ्यांदेखत खाणारा मासा घेणं, एवढी एकच पारख आपल्या हातात आहे.

प्रश्न : क्लाऊनफिशच्या अंगावर मिठाचे कण असावेत तसे पांढरे ठिपके आले. दुकानातून निळं औषध दिलं, ते टँकमध्येच घातलं. मासे बरे झाले, पण दोन दिवसांत दोन्ही श्रिंप आणि सगळ्या गोगलगायी मेल्या. चार महिन्यांनी नवी श्रिंप आणली, तीही दुसऱ्या सकाळी मेलेली. पाण्याच्या सगळ्या टेस्ट बरोबर येतात. (कोथरूड, पुणे)

बाटलीवर घटक वाचा. तिथे कॉपर लिहिलेलं असणार. तांब्याने ठिपक्यांचा रोग जातो हे खरं, पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी, तारामासे, ॲनिमोन (समुद्रफुलं) यांना तेच तांबं मारतं. कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबंच असतं. तरीही पाण्यात विरघळलेलं मोकळं तांबं तिच्या कल्ल्यांना सोसत नाही.

चार महिन्यांनीही श्रिंप का मेली? कारण तांबं पाण्याबरोबर निघून जात नाही. चुनखडीचे दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटच्या टेस्टमध्ये ते दिसणार नाही. तांब्याचं वेगळं किट मिळतं, ते आणा. ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं ओढून घेणारं रेझिन फिल्टरमध्ये घालून महिनाभर चालवा, पाणी बदलत राहा, पुन्हा मोजा. तरी आकडा दिसत राहिला, तर दगड आणि वाळू बदलण्याला पर्याय नाही. एखादी गोगलगाय टाकून बघू, असं मात्र कृपा करून करू नका. तिचाही जीव आहे आणि किट काही फार महाग नाही.

आता त्या ठिपक्यांबद्दल, कारण ते परत येतील. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तो काही दिवसांनी आपणच गळून पडतो आणि सगळ्यांना वाटतं मासा बरा झाला. खरं तर तो वाळूवर, दगडावर कोषात बसलेला असतो. तिथे त्याची शेकडो पिल्लं तयार होतात आणि बाहेर पडून माशाला शोधायला लागतात. औषधाचा इलाज फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतो. म्हणून मासे उचलून दुसऱ्या रिकाम्या टँकमध्ये न्या. तिथे वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. तांबं तिथे द्या, रोज किटने मोजून. मुख्य टँकमध्ये एकही मासा नको, आणि तसा तो ७६ दिवस राहू द्या. श्रिंप आणि गोगलगायींना हा रोग होत नाही, त्या तिथेच सुखाने राहतील. त्यांना मात्र आठवड्यातून दोनदा चिमूटभर खायला घालायला विसरू नका. मासे नाहीत म्हणजे उष्टं-खरकटंही नाही.

७६ दिवस म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. पण प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवला, तर ही पाळी सहसा येत नाही.

प्रश्न : आमची क्लीनर श्रिंप सकाळी खडकाखाली पांढरी पडून निपचित होती. चिमट्याने काढली तर हलकीफूल. मुलगी रडून रडून बेजार. (वाशी)

मुलीला सांगा, श्रिंप जिवंत आहे. तिने कात टाकली. हाती आली ती नुसती रिकामी खोळ, म्हणून हलकी. दर तीन-चार आठवड्यांनी ती असं करते. नवं कवच कडक होईपर्यंत एखाद-दोन दिवस लपून बसते, कारण तेवढ्या वेळात कुणीही तिला खाऊ शकतं. दगड उचलून शोधू नका. रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बघा, लांब पांढऱ्या मिशा कुठल्यातरी फटीतून बाहेर आलेल्या दिसतील.

प्रश्न : आमच्याकडे रोज ताजी मासळी येते. फ्रोझन खाद्याची पाकिटं कशाला घ्यायची? सोडे चालतील का? (अलिबाग)

ताजी मासळी जरूर द्या, सोडे नकोत. सोड्यांत मीठ असतं आणि वाळवताना काय लागलंय ते कळत नाही.

मी स्वतः मिश्रण करते. सोललेली कोळंबी, माकूल आणि साधी नोरी, म्हणजे जपानी लोक भाताभोवती गुंडाळतात तो समुद्री शेवाळाचा कागद. तेल-मीठ लावलेला घेऊ नका. सगळं सुरीने बारीक करायचं. मिक्सरमध्ये लगदा होतो आणि तो पाण्यात नुसता ढग होऊन राहतो. पिशवीत घालून पापडासारखं पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवते आणि रोज नखाएवढा तुकडा मोडते. तो चहाच्या गाळणीत ठेवून टँकच्याच पाण्यात वितळवायचा, गाळून आलेलं पाणी फेकायचं आणि गाळणीतलं तेवढं माशांना. ते फेकलेलं पाणीच टँकमध्ये शेवाळ माजवतं.

पण तुमच्या बाजारात माझ्या मिश्रणाहून सरस गोष्ट मिळते, ती म्हणजे ओला जवळा. अख्खा जीव, डोक्यासकट, पोटातल्या अन्नासकट. सोललेल्या कोळंबीत नुसतं मांस असतं, जवळ्यात सगळंच असतं. क्लाऊनफिश, रास, डॅमसेल, कार्डिनल, सगळे त्याच्यावर झडप घालतात. सकाळी लवकर जा, बर्फात फार वेळ न राहिलेला घ्या, गोड्या पाण्यात दोनदा धुवा आणि थोडा थोडा गोठवा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस दोन महिन्यांची बेगमी करून ठेवा.

बांगडा आणि तारली नको. त्यांचं तेल पाण्यावर साय धरतं आणि स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, फेस बसतो. चिकन-मटण तर अजिबात नको, ती चरबी या माशांना पचत नाही. आणि घरात आधीच हळद-मीठ लावून ठेवलेल्या कोळंब्यांतली एखादी उचलून देऊ नका. घाईत असं होतं.

टँग जातीचा मासा असेल, तर नोरीचा तुकडा काचेला चिमटा लावून दिवसभर राहू द्या. तो बकरीसारखा चरणारा जीव आहे, एक वेळच्या जेवणावर त्याचं भागत नाही.

प्रश्न : गणपतीला आठ दिवस गावी जातो. शेजारच्या काकू खायला घालतील. त्यांना काय सांगून जाऊ? (डोंबिवली)

काकूंना किल्ली द्या, पण खाद्याचा डबा कपाटात कुलूपबंद करा. एकदा माझ्या शेजारणीने मायेने रोज सकाळ-संध्याकाळ मूठमूठ दाणे घातले. 'बिचारे काचेपाशी येऊन तोंड उघडतात हो,' असं ती म्हणायची. परत आले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि अमोनिया इतका, की पाच मासे गेले. चूक तिची नव्हती, मी नीट सांगून गेले नव्हते. तेव्हापासून मी औषधाच्या गोळ्यांचा, सोमवार ते रविवार खणांचा डबा वापरते. दिवसाआड एका खणात मोजून दाणे, बाकीचे खण रिकामे. धडधाकट मोठे मासे दोन-तीन दिवस न खाता आरामात राहतात. क्लाऊनफिशचं पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढं असतं, त्या हिशेबाने दाणे मोजा.

खाण्याहून मोठी काळजी पाण्याची. पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या १८० लिटरच्या टँकमधून रोज दोन लिटर उडतं. आठ दिवसांत १६ लिटर. म्हणजे क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅमवरून ३८ च्या वर गेली. मासे कसेबसे सोसतील, श्रिंप आणि तारामासा नाही. काचेवर चिकटपट्टीने रेघ मारा आणि काकूंना सांगा, रोज या रेघेपर्यंत आरओचं साधं पाणी हळूहळू ओता. खारं नव्हे, साधं. बाटल्या भरून, वर तारखा घालून ठेवा. जमलं तर आपोआप पाणी भरणारा पंप बसवा, मरीन टँकवर केलेला तो सगळ्यात शहाणा खर्च.

आणखी एक. घर बंद असणार म्हणून जाण्याआधी पेस्ट कंट्रोल करून घेऊ नका. झुरळांवरची आणि डासांवरची बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण कोळंबी आणि खेकडे मुळात कीटकांचेच चुलत भाऊ, ते पहिल्यांदा मरतात. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. आमच्या इमारतीत जिन्यातून फवारणी झाली तेव्हा माझ्या घराचं दार उघडं होतं. सकाळी तीन श्रिंप आणि सहा हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) उलटे पडलेले, मासे सगळे ठीक. तेव्हापासून टँकच्या खोलीत डासांची लिक्विड मशीनसुद्धा लावत नाही, मच्छरदाणी वापरते. सोसायटीत फवारणी असेल त्या दिवशी दार बंद, दाराखाली ओलं फडकं आणि हवेचा पंप बाल्कनीतून हवा घेईल असा.

प्रश्न : समुद्रघोड्यांची जोडी मिळतेय, सोबत 'लाइव्ह कोरल'ही. पाळायला अवघड आहेत का? (नाशिक)

अवघड आहेतच, पण त्याआधी ती बेकायदा आहेत. समुद्रघोडे, प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. मेलेल्या प्रवाळाचा वाळका तुकडाही त्यात येतो. विकणारा 'सगळे ठेवतात' म्हणेल. घेऊ नका. समुद्रघोड्याला जठर नसतं, त्याला दिवसातून अनेकदा खावं लागतं, आणि बाजारातले बहुतेक घोडे उपाशीच मरतात. समुद्राचं काहीतरी घरात हवं असेल, तर पैदास केंद्रात जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच त्यांची पैदास करून दाखवली आहे. असे मासे लहानपणापासून दाणे खातात आणि नीट ठेवले तर दहा वर्षांहून जास्त जगतात.

प्रश्न : समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे. मिठाची पाकिटं विकत घेण्यापेक्षा तेच पाणी घातलं तर? (मालवण)

घालता येतं. मला तुमचा हेवा वाटतो. पण जेटीजवळचं आणि खाडीच्या तोंडाचं पाणी नको. होड्यांच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यातही तांबं असतं. वर पुण्याच्या वाचकांना काय भोगावं लागलं ते वाचलंतच. ओळखीच्या मच्छीमाराला खाण्याच्या दर्जाचे स्वच्छ कॅन द्या आणि बाहेरच्या निळ्या पाण्यातून भरून आणायला सांगा. आणलं की झाकण लावून अंधारात दोन आठवडे ठेवा. त्यातले सूक्ष्म जीव मरून तळाला बसतात. वरचं नितळ पाणी काढून घ्या, एक दिवस हवा सोडा, रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजा, मग वापरा. पावसाळ्यात आणू नका, नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याची क्षारता कुठच्या कुठे उतरलेली असते. नोव्हेंबर ते मे हा तुमचा हंगाम.

पाण्याबरोबर दगड, शिंपला, ॲनिमोन काही उचलून आणू नका. तुमच्या दारातलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथले जीव तिथेच राहू द्या. कधी मीच तुमच्याकडे ते बघायला येईन.

प्रश्न : माशांना तहान लागते का? आणि माझा निळा तारामासा आणल्यावर चौथ्या दिवशी पांढरा होऊन विरघळला, तो का? (इयत्ता सातवी, सातारा)

बाळा, किती चांगला प्रश्न विचारलास! नदीतला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्याच्या कल्ल्यांतून ते आपसूक आत शिरत असतं. समुद्रातल्या माशाचं उलटं असतं. बाहेरचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. त्यामुळे तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तहान म्हणजे त्याला नेमकं काय वाटतं ते आपल्याला कळणार नाही, पण पिणं त्याला भाग आहे.

तुझ्या तारामाशाला हे जमत नाही. त्याच्याकडे मीठ बाहेर टाकायची सोयच नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट, तेवढाच तो आतून खारट. दुकानातल्या पिशवीचं पाणी आणि तुझ्या टँकचं पाणी यांत थोडा फरक असेल आणि त्याला एकदम टँकमध्ये सोडलं असेल, तर त्याच्या शरीरातल्या पेशी फुगतात किंवा आकसतात. लगेच काही दिसत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी तो असा विरघळायला लागतो. तू त्याला काही वाईट केलं नाहीस, तुला कुणी सांगितलं नव्हतं.

निळा तारामासा आता परत आणू नकोस. तो दगडावरचा अगदी पातळ थर खरवडून खातो. लहान टँकमध्ये तो थर पुरत नाही आणि तो महिनोन् महिने उपाशी राहून मरतो. तुला कात टाकणारी एखादी श्रिंप आवडेल. आणलीस की तिची पिशवी बादलीत उघड, टँकमधून बारीक नळी लाव, नळीला एक गाठ मार आणि पाणी थेंब-थेंब पडू दे. सेकंदाला दोन थेंब. दोन तास लागतील. शेजारी गृहपाठ घेऊन बस, आणि मधून मधून थेंब मोज.